टाका आणि दाह : डॉ. वि. ना. शिरोडकर यांची शस्त्रक्रिया व गर्भाशयग्रीवेच्या आकलनाचा इतिहास

सारांश

गर्भाशयाच्या तोंडाशी घालावयाचा 'शिरोडकर टाका' जगभरच्या प्रसूतिशास्त्रात सात दशके परिचित आहे. १९५५ साली डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी तो मांडला तेव्हा गर्भाशयग्रीवा हे एक यांत्रिक दार समजले जात होते. त्यानंतर ग्रीवा ही प्रतिकारसंस्थेचे संदेश घेणारी व देणारी सजीव ऊती आहे, हे क्रमाने स्पष्ट झाले. या दोन आकलनांमधील प्रवासाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. नव्या ज्ञानाने शिरोडकरांचे कार्य कालबाह्य ठरले नाही. त्यांनी स्वतः घातलेली आणि पुढे विस्मृतीत गेलेली मर्यादा त्या ज्ञानाने पुन्हा अधोरेखित केली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : गर्भाशयग्रीवा, शिरोडकर टाका, दाह, प्रतिकारसंस्था, अकाली प्रसूती, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

दक्षिण कोकणाच्या किनारपट्टीवर शिरोडा नावाची दोन गावे आहेत. एक सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकर यांच्या तेथील शिक्षकी पेशामुळे ते मराठी वाचकांस सुपरिचित आहे. दुसरे तेरेखोल नदीपलीकडे, गोव्याच्या फोंडा तालुक्यात. प्रस्तुत निबंधाचे चरित्रनायक डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे या दुसऱ्या शिरोड्याचे. मात्र वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीने ही सीमा फारशी महत्त्वाची नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि गोवा हा सारा टापू भाषा, सोयरीक, व्यापार आणि मुंबईकडे होणारे स्थलांतर यांनी एकत्र बांधलेला होता व आजही आहे.

डॉ. शिरोडकर यांच्याविषयीचे मराठी लेखन बहुधा गौरवपर असते. 'आपल्या भागातील एका शल्यविशारदाचे नाव जगातील प्रत्येक प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथात आहे' हा त्याचा सूर असतो आणि तो यथार्थही आहे. परंतु त्या टाक्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले व कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला, याची चर्चा क्वचितच होते. 'ग्रीवा अवेळी उघडली तर ती बंद कशी ठेवावी?' हा शिरोडकरांचा प्रश्न होता. 'ग्रीवा मुळात उघडते कशाने?' हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी हाती घेतला आणि त्याच्या उत्तराचा शोध त्यांना प्रतिकारसंस्थेपर्यंत घेऊन गेला. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

२. पूर्वपीठिका : परंपरा, सुईण आणि सूतिकागृह

गर्भ वारंवार जाण्याचे दुःख भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून ज्ञात होते. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेल्यास 'गर्भस्राव' व पाचव्या-सहाव्या महिन्यात गेल्यास 'गर्भपात' असा भेद केला. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांनी योनिव्यापदांमध्ये 'पुत्रघ्नी' नावाची अवस्था सांगितली असून, तीत गर्भ राहूनही तो पुनःपुन्हा नष्ट होतो असे वर्णन आहे. या वर्गीकरणात एक सूक्ष्म निरीक्षण दडलेले आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जाणे आणि स्थिरावलेला गर्भ मध्यावर जाणे या दोन वेगळ्या घटना होत, हे प्राचीन वैद्यांच्या ध्यानात आले होते.

व्यवहारात मात्र कोकणातील खेड्यांत बाळंतपण सुईणीच्या हाती असे. सुईणीचा अनुभव दांडगा असला तरी गर्भाशयाचे तोंड अवेळी उघडू लागल्यास तिच्याजवळ विश्रांतीचा सल्ला व घरगुती उपचार यांपलीकडे उपाय नव्हता. वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रीसाठी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाई. त्याचबरोबर दोषाचे खापर बहुधा त्या स्त्रीच्याच माथी फुटे. 'हिला मूल धरत नाही' हा शब्दप्रयोग कारण सांगत नाही, केवळ दोषी व्यक्ती निश्चित करतो.

पाश्चात्त्य वैद्यकाच्या संपर्काने एकोणिसाव्या शतकात परिस्थिती हळूहळू बदलली. गोव्यात १८४२ साली वैद्यक व शस्त्रक्रियेचे विद्यालय स्थापन झाले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी मिळविताना प्रबंधासाठी हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय किनाऱ्यावरील रुग्णांची सेवा करीत होते. मुंबईत परळ येथे १९२६ साली गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. गिरणगावात कोकणातून आलेल्यांची संख्या मोठी असल्याने मालवणी मुलखातील स्त्रियांचा आधुनिक प्रसूतिशास्त्राशी पहिला परिचय पुष्कळदा मुंबईतच झाला.

३. शिरोडकरांची जडणघडण आणि १९५५ चा लेख

डॉ. शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी झाला. पोर्तुगीज अमलाखालील गावातून शालेय शिक्षणासाठी हुबळी व वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई हा त्यांचा मार्ग त्या काळातील अनेक सुशिक्षित गोमंतकीय कुटुंबांचा मार्ग होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली त्यांनी एम.बी.बी.एस. ही पदवी घेतली, १९२७ साली प्रसूतिशास्त्रात एम.डी. केले आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. ही पदवी संपादन केली. परत आल्यावर त्यांनी जे. जे. समूहातील रुग्णालयांत काम केले. १९४० ते १९५५ या काळात ते ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे मानद प्राध्यापक होते. गर्भाशय खाली उतरण्याच्या विकारावरील त्यांची शस्त्रक्रियाही प्रसिद्ध आहे. १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

टाक्याविषयीचा त्यांचा लेख १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या 'दि अँटिसेप्टिक' या मासिकात प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पुनःपुन्हा पडतो आणि कितीही विश्रांती व संप्रेरके दिली तरी तो टिकत नाही, या निरीक्षणापासून त्यांनी आरंभ केला. ग्रीवेचे आतील तोंड दुबळे असल्याने वाढत्या गर्भाचा भार त्यास पेलत नाही, असे त्यांचे निदान होते. उपाय असा : योनिमार्गातून शस्त्रक्रिया करावी, मूत्राशय वर सरकवावे, ग्रीवेच्या आतील तोंडाच्या पातळीवर श्लेष्मल आवरणाखालून एक पट्टी फिरवावी आणि तोंड आवळून घ्यावे. ही पट्टी प्रथम रुग्णाच्याच मांडीतील चिवट पटलातून काढली जाई. पुढे कृत्रिम धाग्याची विणलेली पट्टी वापरात आली.

यापूर्वीही अशा दुबळेपणावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अमेरिकेत लॅश व लॅश यांनी १९५० साली अशी पद्धत सांगितली होती. परंतु ती गर्भ नसताना करावयाची होती. गर्भारपणातच ग्रीवा बांधण्याचे धाडस हे शिरोडकरांचे वैशिष्ट्य होय. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील इयान मॅक्डोनल्ड यांनी मूत्राशय न सरकवता थैलीच्या नाडीसारखा ओवावयाचा सोपा टाका सांगितला. आज या दोन पद्धती जोडीनेच शिकविल्या जातात.

मूळ लेखातील एक विधान येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या स्त्रियांच्या बाबतीत पुनःपुन्हा केलेल्या अंतर्तपासणीने आतील तोंडाचा दुबळेपणा आपण सिद्ध करू शकलो, त्यांच्यापुरतेच आपले काम मर्यादित आहे, असे शिरोडकरांनी स्पष्टपणे नमूद केले होते. गर्भ जाण्याच्या प्रत्येक प्रसंगी टाका घालावा, असा त्यांचा दावा नव्हता.

४. टाक्याचा प्रसार आणि पुराव्याचा प्रश्न

ही मर्यादा पुढे सैल होत गेली. टाका सोपा झाला आणि भूलशास्त्र अधिक सुरक्षित झाले, तशी टाका घालण्याची कारणेही वाढत गेली. पूर्वी एखादा गर्भ गेला असेल, जुळे असेल किंवा नुसती शंका असेल तरी टाका घातला जाऊ लागला. यशाचा निकष बहुधा असा असे : पूर्वी गर्भ गेले होते, टाक्यानंतर मूल जगले, म्हणून टाका उपयोगी पडला. परंतु पूर्वी गर्भ गेलेल्या अनेक स्त्रियांचे पुढचे गर्भारपण कोणत्याही उपचाराविना सुखरूप पार पडते. त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर हा निकष अपुरा ठरतो.

ही तुलना मोठ्या प्रमाणावर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत झाली. अनेक देशांतील १२९२ स्त्रियांचा तीत समावेश होता आणि त्यांच्या डॉक्टरांना टाक्याच्या उपयोगाविषयी निश्चिती नव्हती. ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के आढळले. म्हणजे एक अतिअकाली प्रसूती टाळण्यासाठी सुमारे पंचवीस स्त्रियांस टाका घालावा लागत होता. लाभ खरा होता, पण तो सर्वांना सारखा मिळत नव्हता. २००५ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात जुळ्यांच्या बाबतीत आखूड ग्रीवेस घातलेला टाका अपायकारक ठरू शकतो असे दिसून आले.

दरम्यान ग्रीवा मोजण्याचे साधन हाती आले होते. १९९६ साली अमेरिकेतील २९१५ गर्भवतींच्या अभ्यासात ध्वनिलहरींच्या साहाय्याने ग्रीवेची लांबी मोजण्यात आली. लांबी जितकी कमी, तितका अकाली प्रसूतीचा धोका अधिक, असा सलग चढता संबंध त्यात आढळला. ग्रीवा एक तर सक्षम असते किंवा अक्षम, ही दुहेरी कल्पना येथे ढासळली. एकच लांबी असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीची ग्रीवा का उघडते आणि दुसरीची का नाही, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही.

५. ग्रीवेची रचना : स्नायू की संयोजी ऊती?

या प्रश्नाच्या उत्तराची पायाभरणी शिरोडकरांच्या लेखापूर्वीच झाली होती. १९४७ साली अमेरिकेतील डेव्हिड डॅनफर्थ यांनी दाखवून दिले की गर्भाशयाचा वरचा भाग स्नायूंचा असला तरी ग्रीवा ही प्रामुख्याने तंतुमय संयोजी ऊतीची बनलेली असते. तोपर्यंत ग्रीवा हा एक आवळणारा स्नायू आहे, असे अनेकांचे गृहीत होते. स्नायू थकतो व सैल पडतो; संयोजी ऊती मात्र रासायनिक बदलानेच मऊ होते. डॅनफर्थ यांच्या निष्कर्षाचा तर्कसंगत अर्थ असा की ग्रीवेचे उघडणे हे थकण्याचे लक्षण नसून ते एक जैवरासायनिक कार्य आहे.

कोलॅजेन या प्रथिनाचे दोर एकमेकांस आडवे जोडलेले असतात आणि त्यांमुळे ग्रीवेस ताठपणा येतो. गर्भारपणाच्या आरंभापासूनच हे जोड हळूहळू विरळ होऊ लागतात. अखेरच्या दिवसांत दोरांची मांडणी विस्कळीत होते, हायल्युरोनन हे पाणी धरून ठेवणारे द्रव्य वाढते आणि ऊती लिबलिबीत होते. त्यानंतर कळांच्या जोराने तोंड उघडते व प्रसूतीनंतर ऊतीची दुरुस्ती होते. मऊ होणे, पिकणे, उघडणे आणि सांधणे अशा या चार अवस्था मानल्या जातात. मराठीत 'पिकणे' ही क्रिया फळाबरोबरच गळवासाठीही वापरली जाते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा दुहेरी अर्थ अर्थपूर्ण आहे.

६. दाहाचा सिद्धांत

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिकारशास्त्र गर्भारपणाकडे वळले. १९५३ साली पीटर मेडावार यांनी एक कोडे मांडले. गर्भाचा अर्धा वारसा पित्याकडून आलेला असतो. म्हणजे मातेच्या दृष्टीने तो अंशतः परका असतो. परकी त्वचा रोपली तर शरीर ती झिडकारते. मग गर्भ नऊ महिने कसा टिकतो? या प्रश्नामुळे गर्भाशय आणि प्रतिकारसंस्था यांच्यातील संवाद हा संशोधनाचा स्वतंत्र विषय बनला. १९५६ साली आर्पाद चापो यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयास शांत ठेवते असा सिद्धांत मांडला. १९६८ साली युगांडात सुलतान करीम यांनी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याने प्रसूतिकळा सुरू करता येतात असे दाखविले. प्रोस्टाग्लँडिने शरीरात दाह घडविणाऱ्या द्रव्यांपैकीच होत.

हे धागे एकत्र गुंफण्याचे श्रेय न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स यांच्याकडे जाते. अकाली जन्मणाऱ्या बालकांची फुप्फुसे परिपक्व करण्यासाठी मातेस स्टेरॉइड देण्याची पद्धत त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह १९७२ साली मांडली होती. १९८१ साली त्यांनी प्रतिपादन केले की ग्रीवेचे पिकणे ही दाहाचीच एक प्रक्रिया आहे. जखमेच्या जागी जे घडते तेच येथे नियंत्रित स्वरूपात घडते : रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपते, पांढऱ्या पेशी ऊतीत शिरतात आणि कोलॅजेनचे विघटन होते. आदल्याच वर्षी ब्राझीलमधील लुईझ जुंकेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूतिसमयी ग्रीवेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने आढळतात आणि कोलॅजेन विरघळत असल्याच्या खुणा दिसतात, असे प्रसिद्ध केले होते.

पुढील दोन दशकांत या सिद्धांतास रेणूंची नावे लाभली. पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सायटोकाइन नावाची लहान प्रथिने सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-१ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही द्रव्ये दाहाची ठिणगी टाकतात. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिलना बोलावून घेते. त्या पेशी कोलॅजेन तोडणारी विकरे सोडतात आणि प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीही वाढते. ग्रीवा या संदेशांच्या जाळ्यातील एक केंद्र आहे, अशी नवी प्रतिमा त्यातून सिद्ध झाली.

७. सिद्धांताची दुरुस्ती

विज्ञानाच्या इतिहासात आकर्षक सिद्धांताचीही फेरतपासणी होते. पांढऱ्या पेशी घटनास्थळी दिसतात म्हणून त्यांनीच घटना घडविली असे ठरत नाही. अमेरिकेतील डॅलस येथे माला महेंद्रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हा भेद पुढे आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार उंदरांत पूर्ण दिवसांच्या ग्रीवेचे पिकणे न्यूट्रोफिलवर अवलंबून नसते. दाहकारक पेशींची मोठी लगबग प्रसूतीनंतर, म्हणजे सांधण्याच्या अवस्थेत दिसते. २०११ साली त्याच प्रयोगशाळेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. संप्रेरकांच्या बदलाने होणारे पिकणे आणि जंतुसंसर्गासारख्या दाहाने होणारे अकाली पिकणे यांच्या रेणुपातळीवरील वाटा वेगवेगळ्या आहेत.

उंदराचे निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू होत नाहीत. उंदरात प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते. मानवात ती तशी घसरत नाही, तर ऊतीचा त्यास मिळणारा प्रतिसाद कमी होतो असे मानले जाते. तरीही या संशोधनाचा मथितार्थ टिकून आहे : ग्रीवा एकाच कारणाने उघडत नाही. पूर्ण दिवस भरल्यावर ती एका मार्गाने उघडते, आणि जंतूंची चाहूल लागल्यावर दुसऱ्या.

या दुसऱ्या मार्गाची यंत्रणा आता बऱ्याच अंशी ज्ञात आहे. ग्रीवेतील घट्ट श्लेष्मा, त्यातील जंतुनाशक प्रथिने आणि आवरणपेशी यांचा तिहेरी पहारा योनिमार्गातील जंतूंना वर जाऊ देत नाही. तो भेदला गेल्यास पेशींवरील टोलसदृश ग्राहके जंतूंच्या आवरणातील द्रव्ये ओळखतात. त्यांतून निघालेल्या संदेशाने सायटोकाइने व प्रोस्टाग्लँडिने स्रवतात. ग्रीवा मऊ पडते आणि कळा सुरू होतात. १९९२ साली रोबेर्तो रोमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य गर्भारपणात ग्रीवा उघडलेल्या ३३ स्त्रियांचे गर्भजल तपासले. त्यांपैकी निम्म्यांच्या गर्भजलात जंतू आढळले. बाहेरून पाहता या साऱ्या स्त्रिया 'दुबळ्या ग्रीवे'च्या वाटल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेकींच्या बाबतीत ग्रीवेच्या उघडण्याबरोबर जंतुसंसर्गही उपस्थित होता.

८. टाका, धागा आणि संदेश

येथे इतिहास पुन्हा शिरोडकरांच्या टाक्यापाशी येतो. गर्भाशयात संसर्ग असताना तोंड आवळणे म्हणजे पू असलेली जखम वरून शिवण्यासारखे आहे. त्यातून माता व बालक या दोघांच्याही जिवास धोका संभवतो. म्हणूनच ग्रीवा आधीच उघडलेली असताना तातडीचा टाका घालण्यापूर्वी ताप, दुखणारे गर्भाशय, दुर्गंधी स्राव यांसारखी संसर्गाची चिन्हे नाहीत याची खात्री करून घेणे हा आजच्या उपचारपद्धतीचा सर्वमान्य नियम आहे.

टाक्याचा धागाही या चर्चेतून सुटला नाही. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी टाका घातलेल्या ६७८ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. विणलेल्या धाग्याच्या गटात अकाली प्रसूतीचे प्रमाण २८ टक्के, तर एकपदरी धाग्याच्या गटात १७ टक्के आढळले. विणलेल्या धाग्याच्या खाचांत जंतूंना आश्रय मिळतो, योनिमार्गातील हितकारक जंतूंचा समतोल ढळतो आणि दाहाचे संदेश वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र २०२२ साली ब्रिटनमधील सुमारे दोन हजार स्त्रियांच्या प्रत्यक्ष तुलनात्मक चाचणीत गर्भ वा बालक गमावण्याचे प्रमाण एकपदरी धाग्यात ८.० टक्के व विणलेल्या धाग्यात ७.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. प्रयोगशाळेतील सुसंगत स्पष्टीकरण रुग्णशय्येपाशी सिद्ध होईलच असे नाही, हा धडा येथेही मिळतो.

प्रोजेस्टेरॉनचा इतिहास असाच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिलिमीटर वा त्याहून आखूड ग्रीवा असलेल्या २५० स्त्रियांपैकी निम्म्यांना योनिमार्गातून प्रोजेस्टेरॉन देण्यात आले. ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण त्यांच्यात १९.२ टक्के, तर इतरांत ३४.४ टक्के होते. याउलट त्याच वर्गातील एका इंजेक्शनची मान्यता अमेरिकेने २०२३ साली पुरेशा पुराव्याअभावी काढून घेतली. योग्य स्त्रीची निवड आणि योग्य मार्ग यांवरच उपायाचे यश अवलंबून आहे.

९. सिंधुदुर्गाच्या संदर्भात

या साऱ्या चर्चेचा मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त, भारतातील होती. या बालकांचे जगणे बव्हंशी वेळेवर होणाऱ्या निदानावर व वेळेवर पोहोचण्यावर अवलंबून असते.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी मुंबईस आणि घर स्त्रियांच्या हाती, ही येथील जुनी समाजरचना या आकड्यातही डोकावते. गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी येथील रुग्ण दीर्घकाळ बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयास जात आले आहेत. २०१८ साली तेथे परराज्यातील रुग्णांकडून शुल्क आकारण्यास प्रारंभ झाला, तेव्हा दोडामार्ग परिसरात मोठे आंदोलन झाले. त्यावरून हे अवलंबित्व किती खोल होते ते दिसते. या दशकाच्या प्रारंभी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने चित्र बदलण्याची आशा निर्माण झाली आहे.

ग्रीवेची लांबी मोजणे, साध्या मूत्रसंसर्गाची व योनिसंसर्गाची वेळीच तपासणी करणे, अकाली कळांची शक्यता दिसताच मातेस स्टेरॉइड देणे, आणि टाका घालण्यापूर्वी संसर्ग नाही याची खात्री करणे, ही कामे महागड्या संशोधनाची नसून सुसूत्र सेवेची आहेत. पाचव्या महिन्यात ओटीपोटात जडपणा, पाठदुखी किंवा पाण्यासारखा स्राव जाणवला तर तो 'असाच असतो' म्हणून सोडून न देण्याचे शिक्षण आशा कार्यकर्तीपासून महाविद्यालयीन विद्यार्थिनीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

भाषेचाही येथे वाटा आहे. इंग्रजी ग्रंथांत रूढ झालेल्या संज्ञेचे 'अकार्यक्षम ग्रीवा' असे भाषांतर मराठी पाठ्यपुस्तकांत व रुग्णांच्या कागदपत्रांत केले जाते. ते 'हिला मूल धरत नाही' या जुन्या उद्गाराचेच शास्त्रीय रूप ठरते. ग्रीवा जंतूंचा संदेश ऐकून उघडत असेल, तर ती अकार्यक्षम नसून आपले कार्य अवेळी करीत असते. 'ग्रीवेचे अवेळी उघडणे' ही वर्णनात्मक संज्ञा अधिक अचूक आहे आणि स्त्रीवर दोष लादत नाही.

१०. समारोप

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, डॉ. शिरोडकर यांनी गर्भारपणातच ग्रीवा बांधण्याचा जो मार्ग दाखविला, तो आतील तोंडाचा दुबळेपणा सिद्ध झालेल्या स्त्रियांसाठी होता आणि त्या मर्यादेत त्याचे मोल आजही कायम आहे. दुसरा, ग्रीवेविषयीचे आकलन दारापासून स्नायूकडे, स्नायूपासून संयोजी ऊतीकडे आणि तेथून प्रतिकारसंस्थेच्या संदेशकेंद्राकडे सरकत गेले. या प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातील काही सत्य शिल्लक राहिले, आणि दाहाचा सिद्धांतही त्यास अपवाद नाही. तिसरा, ग्रीवा कोणत्या कारणाने उघडत आहे हे ओळखल्याशिवाय ती बंद करण्याचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

शिरोडकरांनी पुनःपुन्हा अंतर्तपासणी करून रुग्णांची निवड केली. त्यांच्या काळात त्यांच्याजवळ बोटांच्या स्पर्शाखेरीज दुसरे साधन नव्हते. आज ध्वनिलहरी, जंतुपरीक्षा आणि सायटोकाइनांचे मापन उपलब्ध आहे. साधने बदलली तरी निवडीचा तो आग्रह मात्र त्यांच्याच लेखातील आहे. टाक्याला त्यांचे नाव मिळाले. त्या आग्रहासही ते मिळावयास हवे.